मैदानावरच्या पेटीत नक्की काय हवं?

मैदानवेडी

नमस्कार मंडळी,

आमच्या ॲथलेटिक्स गटात १२ ते १७ वयाची ३४ मुलंमुली आहेत. मध्यम पल्ल्याचं धावणं मी शिकवते. यंदा पालकांनी मिळून साहित्यासाठी निधी जमवलाय आणि यादी करायचं काम माझ्यावर सोपवलंय.

सूचना भरपूर आल्यात. छातीच्या पट्ट्याचे हार्ट रेट मॉनिटर, जीपीएसची बंडी, मसाज गन, रंगीत टेप, गुडघ्याचे आणि घोट्याचे ब्रेस, बर्फाचा टब, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. प्रत्येकाला आपली वस्तू सगळ्यात गरजेची वाटते.

गेल्या हंगामात खड्ड्यात पाय जाऊन एका मुलीचा घोटा मुरगळला. पेटीत स्प्रे होता, टेप होती, तीन प्रकारची बँडेजं होती. पण हाड मोडलंय की नुसती लचक आहे, लगेच एक्स-रेला न्यायचं की उद्यापर्यंत थांबायचं, हे कुणालाच सांगता येईना. आम्ही मोठी माणसं वाद घालत राहिलो आणि ती पोर पाय धरून बसून होती. तिचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून विचारते. सराव, दुखापत आणि निदान या तिन्ही बाबतींत कोणत्या शोधानं तुम्हाला खरोखर फरक पडला? आणि कोणत्या साधनानं चुकीच्या वाटेला लावलं? खेळाडू, पालक, डॉक्टर, फिजिओ, सगळ्यांनी लिहा.

पानगळ

वाचतेय. आमच्याकडेही हीच चर्चा चालू आहे.

जुना_धावक

ताई, माझं मत हृदयगती मोजण्याच्या पट्ट्याला.

आम्ही पळायचो तेव्हा थांबून मानेवर बोटं ठेवायची, १० सेकंद मोजायचं आणि ६ नं गुणायचं. एक ठोका चुकला की हिशेब ६ नं चुकला, आणि थांबल्याबरोबर ठोके उतरायला लागतात ते वेगळंच. फिनलंडच्या सेप्पो सॅयनॅयाकंगास नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांनी ही अडचण सोडवली. बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांना सराव चालू असतानाच ठोके कळायला हवे होते. १९७७ साली त्यांनी पोलर कंपनी काढली आणि १९८२ साली छातीला पट्टा, मनगटावर आकडा, मध्ये तार नाही, असं यंत्र आणलं. मला ते बऱ्याच वर्षांनी मिळालं. पहिल्याच आठवड्यात कळलं की ज्याला मी 'हलकं धावणं' म्हणत होतो ते हलकं नव्हतंच. रोज मध्यम जोरात पळत होतो, म्हणून शर्यतीच्या दिवशी पायात काही उरत नव्हतं. वेग कमी केला आणि वर्षभरात माझी १० किलोमीटरची वेळ सुधारली.

सरळरेघ

जुना_धावक काका, पट्ट्याबद्दल सहमत. त्यात थोडी भर घालतो, कारण सेन्सर बनवणं हे माझं रोजचं काम आहे.

छातीचा पट्टा हृदयाची विद्युत लहर टिपतो, म्हणजे ईसीजीचाच धाकटा भाऊ. मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो ते बघतं. हात हलला, घड्याळ सैल असलं, थंडीनं कातडीतलं रक्त कमी झालं की तो संकेत गढूळ होतो. कधी कधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांचाच ताल पकडतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर हृदयगतीही १७० दाखवतं आणि मुलगा घाबरतो. छोट्या वेगवान फेऱ्यांमध्ये हे जास्त घडतं.

दुसरं, '२२० वजा वय'. १९७१ सालच्या लेखनातून हे सूत्र पसरलं आणि कमाल हृदयगती म्हणून प्रत्येक यंत्रात जाऊन बसलं. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा (०.७ गुणिले वय) असं सुचवलं. साठीच्या माणसासाठी पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. पण दोन्ही सरासऱ्या आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत २० ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. ३४ मुलांना एकाच सूत्रानं झोन ठरवून दिलेत, म्हणजे किती ठोक्यांपर्यंत पळायचं ते, तर काहींना विनाकारण ओढाल आणि काहींना विनाकारण रोखाल.

लांबउडी

मी १९ वर्षांचा आहे, स्पर्धेत भाग घेतो. घड्याळानं 'आज विश्रांती घ्या' म्हटलं की दिवसभर पाय जड वाटायचे. मग प्रशिक्षकांनी महिनाभर ते काढून ठेवायला लावलं आणि रोज सरावानंतर एकच प्रश्न विचारला: किती जोर लागला, ६ ते २० मध्ये? पहिल्या आठवड्यात मला उत्तरच देता येईना. चौथ्या आठवड्यात मात्र दोन उड्यांमध्ये किती थांबायचं ते आपोआप कळायला लागलं.

जुना_धावक

लांबउडी, ती गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची मोजपट्टी. ६ पासून सुरू होते कारण आकड्याला १० नं गुणलं की तरुण निरोगी माणसाची हृदयगती साधारण मिळते. ६ म्हणजे ६०, स्वस्थ बसलेला. २० म्हणजे २००, आता आणखी काहीच शिल्लक नाही. मी ती विसरलोच होतो. आभार.

सांधेजोड

मैदानवेडी, मी फिजिओ आहे. तुमच्या घोट्याच्या प्रसंगानं राहवलं नाही म्हणून लिहिते.

तुम्हाला हवा होता तो शोध १९९२ सालापासून उपलब्ध आहे आणि तो पेटीत जागाही घेत नाही. कॅनडातल्या ओटावाचे आपत्कालीन डॉक्टर इयन स्टील यांनी पाहिलं की घोटा मुरगळलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघतो आणि मोडलेलं हाड फार थोड्यांत सापडतं. त्यांनी शेकडो रुग्ण काटेकोर तपासून नियम बसवले, ते 'ओटावा अँकल रूल्स'. घोट्याच्या भागात दुखत असेल तर तीन गोष्टी पाहायच्या:

बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटानं दाबा. हाडावर दुखतं का? आतल्या घोट्याचंही तसंच. आणि चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतात. दुखापतीनंतर लगेचही जमली नाहीत आणि तपासतानाही जमत नाहीत, तर तो धोक्याचा इशारा. हाडावर यांपैकी कुठेही दुखलं किंवा चार पावलं जमली नाहीत, तिन्हींपैकी एक जरी आढळलं तरी एक्स-रे. पायाच्या मधल्या भागात दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबून बघायच्या: करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर जे हाडाचं टोक लागतं ते, आणि आतल्या बाजूचं नौकेसारखं हाड.

२००३ साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. त्यात हे नियम मोडलेलं हाड जवळजवळ कधीच चुकवत नाहीत आणि तरी ३० ते ४० टक्के एक्स-रे वाचवतात असं दिसलं. पाच वर्षांवरच्या मुलांमध्येही ते तपासले गेलेत. तुमच्या वयोगटासाठी मी एक सावधगिरी घालते: वाढत्या हाडाच्या टोकाशी मऊ वाढपट्टी असते, म्हणून हाडावर दुखत असेल तर 'लचकच असेल' असं म्हणून सोडू नका. आणि पाय बधिर झाला, वाकडा दिसला किंवा थंड पडला, तर कुठलेही नियम न लावता सरळ रुग्णालय.

मैदानवेडी

सांधेजोड, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. त्या दिवशी तिला चार पावलं टाकायला सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत बाहेरच्या हाडाला चीर निघाली होती.

सांधेजोड

स्वतःला दोष देऊ नका. माहीत नसलेली गोष्ट सुचणार कशी? एक कागद छापा, जाड पिशवीत घाला आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

रोहिणी_नक्षत्र

मी उलट बाजूनं लिहिते, पालक म्हणून. मुलीची कंबर दुखायची, ती बॅडमिंटन खेळते. आम्ही घाबरून हट्टानं एमआरआय करून घेतला. अहवालात 'डिस्क डिजनरेशन' (मणक्यांमधली चकती झिजणं) आणि 'बल्ज' (ती बाहेर फुगणं) हे शब्द आले आणि घरातली झोप उडाली. १६ वर्षांच्या मुलीनं खेळ सोडायचं ठरवलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी चित्र बाजूला ठेवून तिला वाकायला, उठायला, एका पायावर उभं राहायला सांगितलं. चार महिने व्यायाम केला आणि ती पुन्हा कोर्टावर उतरली. तो अहवाल अजून कपाटात आहे, आणि त्यातलं एकही अक्षर बदललेलं नसणार. एमआरआय वाईट असं माझं म्हणणं नाही. पण त्या दोन शब्दांनी आमचे सहा महिने खाल्ले.

नाडीवर_बोट

रोहिणीताई, तुमचा अनुभव अगदी नेमका आहे. मी आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे.

२०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा आढावा घेतला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्क झिजल्याची चिन्हं होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. यांतल्या कुणालाच दुखत नव्हतं! केस पांढरे व्हावेत तसं ते आहे. यंत्र खोटं बोलत नाही, पण दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण नसते.

तरी एमआरआयचं ऋण फेडता येणार नाही. रेमंड डमाडियन यांनी ३ जुलै १९७७ रोजी माणसाच्या छातीचं पहिलं चित्र घेतलं, त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांच्या पद्धतींमुळे ते वेगवान झालं, त्यांना २००३ चं नोबेल मिळालं. आज गुडघ्यातलं तुटलेलं एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध, एक्स-रेत न दिसणारी हाडातली ताणाची चीर, या गोष्टी त्याच्यामुळेच वेळेवर कळतात. लांब पल्ल्याच्या धावपटूला नडगीत एकाच जागी, एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर मी स्वतः स्कॅन करायला सांगेन.

आता यादीबद्दल. मैदानवेडी, तुमच्या यादीत एक वस्तू नाही: एईडी, म्हणजे हृदय अचानक थांबल्यावर झटका देणारं यंत्र. बाकी सगळं नंतर.

फिरकी

डॉक्टर, १२-१७ च्या मुलांसाठी एईडी? इतकी दुर्मीळ घटना, आणि सगळा निधी त्यातच जाईल. त्यापेक्षा सगळ्यांचा ईसीजी एकदा काढून घेतला तर?

नाडीवर_बोट

फिरकी, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इटलीनं १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेटो भागातला २००६ सालचा अहवाल सांगतो की तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू दर लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आले. पण इस्राएलनंही सक्ती केली आणि तिथल्या २०११ च्या अभ्यासात फरक दिसला नाही. शिवाय सराव करणाऱ्याचं हृदय मुळातच थोडं वेगळं दिसतं: ठोके सावकाश, भिंती जाड. जाणकाराच्या हाती ईसीजी पडला नाही तर निरोगी पोरांना महिनोन्‌महिने बाहेर बसवलं जातं. आणि काही दोष ईसीजीत दिसतच नाहीत. चेंडू नेमक्या क्षणी छातीवर आदळून पूर्ण निरोगी हृदयही थांबू शकतं, त्याला आधीची कुठली तपासणी पकडणार?

झटका मात्र कारण विचारत नाही. हृदय थरथरत थांबलं असेल तर झटक्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनला डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्धच्या सामन्यात चालता चालता कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, छाती दाबणं सुरू झालं, झटका मिळाला आणि तो शुद्धीवर आला. पुढच्याच फेब्रुवारीत तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळत होता.

मी एका १५ वर्षांच्या मुलाला वाचवू शकलो नाही. त्याच्या मैदानापासून सर्वांत जवळचं एईडी एका इमारतीत होतं आणि ती इमारत बंद होती. यावर अधिक लिहीत नाही.

फिरकी

डॉक्टर, माझा प्रश्न मागे घेतो.

सरळरेघ

याच यंत्राचा इतिहास मला फार आवडतो. फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ साली बेलफास्टमध्ये झटक्याचं यंत्र पहिल्यांदा रुग्णवाहिकेत चढवलं. ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि वजन होतं ७० किलो. तीनेक वर्षांत त्यांनी ते ३ किलोवर आणलं. आजचं यंत्र स्वतः हृदयाची लय वाचतं, बोलून सूचना देतं आणि गरज नसेल तर बटण दाबलं तरी झटका देत नाही. शाळकरी मूलही ते वापरू शकतं.

अवांतर: नॉर्मन होल्टर यांचा चालताफिरता ईसीजी सुरुवातीला ३८ किलोचा होता, पाठीवर बांधून फिरायचं. तेवढं ओझं घेतल्यावर कुणाचंही हृदय धडधडेल!

पानगळ

सरळरेघ, ३८ किलोवर हसले, पण तो माणूस मागे हटला नाही याचं कौतुक वाटलं.

ऑक्सिमीटरचं काय? आमच्याकडे घरोघरी आहेत.

नाडीवर_बोट

पानगळ, ऑक्सिमीटर आजारी माणसासाठी उत्तम, पण धावून दमलेल्या निरोगी मुलाबद्दल तो फारसं काही सांगत नाही. थंड बोटाला चुकतोही.

पण त्याची जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानचे ताकुओ आओयागी कानातून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजत होते. नाडीमुळे आलेख सतत थरथरायचा आणि ते ती थरथर काढून टाकायच्या मागे होते. मग त्यांच्या लक्षात आलं की थरथर फक्त धमनीतल्या रक्ताची आहे, म्हणजे तिच्यातूनच धमनीतला प्राणवायू मोजता येईल. १९७४ साली त्यांनी हे मांडलं. अडचण म्हणून फेकून द्यायला निघाले होते तेच उत्तर निघालं.

एक उणीवही लक्षात ठेवा. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला: ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा प्राणवायू ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला कातडीच्या रंगाचा अडथळा होतो. गडद वर्णाच्या मुलाला धाप लागली असेल, ओठ निळसर पडले असतील, तर ९४ वर विसंबू नका.

लांबउडी

टेपबद्दल कुणी बोललंच नाही. मला तर खांद्यावर निळी टेप लावली की बरं वाटतं.

सांधेजोड

लांबउडी, बरं वाटतं हे खरं, आणि ते मी कमी लेखत नाही. ताणणारी रंगीत टेप जपानी कायरोप्रॅक्टर (हातानं मणके-सांधे हाताळून उपचार करणारे) केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात बनवली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती जगभर दिसायला लागली. ती कातडी उचलून रक्तप्रवाह वाढवते, स्नायूंना बळ देते, असे दावे होतात. चाचण्यांमध्ये नकली टेपपेक्षा ठळक फायदा दिसलेला नाही.

घोट्याचा ब्रेस किंवा न ताणणारी पांढरी टेप ही वेगळी गोष्ट. ज्याचा घोटा आधी मुरगळलाय, त्याला खेळताना ब्रेस घातल्यानं पुन्हा मुरगळण्याचा धोका खरोखर कमी होतो. म्हणून ब्रेस 'सगळ्यांसाठी ३४' नकोत, ज्यांना गरज आहे त्यांच्या मापाचे हवेत.

बर्फाबद्दलही सांगते. 'विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच' हे सूत्र गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडलं. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरं होण्याला उशीर लावू शकतात. ज्यानं सूत्र दिलं त्यानंच ते जाहीरपणे दुरुस्त केलं, याचा मला फार आदर वाटतो. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक आहे. पण पहिल्या दोनतीन दिवसांनंतर हळूहळू भार घ्यायला सुरुवात हवी.

जुना_धावक

सांधेजोड, माझी टाचेमागची शीर दीड वर्ष दुखतेय. सिलिकॉनची टाच, मसाज गन, रात्री घालायचा स्प्लिंट, सगळं झालं. सकाळी पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं नको वाटतात.

सांधेजोड

काका, मग तुम्हाला हाकन आल्फ्रेडसन यांची गोष्ट सांगायलाच हवी. स्वीडनमधले हे अस्थिशल्यविशारद स्वतः धावायचे आणि त्यांची अकिलीसची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, अशीच दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले, वरिष्ठांनी नकार दिला. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी की शीर तुटलीच तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, म्हणून त्यांनी दुखत्या पायावर मुद्दाम जबर भार द्यायला सुरुवात केली. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली. शीर तुटली नाही, बरी झाली.

मग त्यांनी शिस्तीत अभ्यास केला, तो १९९८ साली छापला. १५ हौशी खेळाडू, १२ आठवडे, दिवसातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच आणि गुडघा किंचित वाकवून पुन्हा १५ चे तीन. दुखलं तरी थांबायचं नाही, फक्त असह्य झालं तर थांबायचं. सोपं झालं की पाठीवर वजन घ्यायचं. पंधराही जण पुन्हा धावायला लागले. नंतरच्या अभ्यासांत सावकाश केलेले जड वजनाचे व्यायामही तितकेच उपयोगी ठरले, म्हणजे पायरीत जादू नाही. शिरेला भार हवा असतो, ती भारानंच घट्ट होते. आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवून घ्या, कारण शीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली न्यायची नसते.

एकपावली

सगळं वाचलं. माझ्यासाठीचा शोध इथे कुणी लिहिला नाही, म्हणून मी लिहिते.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. पहिला कृत्रिम पाय पायासारखा दिसायचा आणि ओंडक्यासारखा वागायचा. टेकला की टेकला, परत काही देत नाही. व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाचा पाय १९७६ साली, २१ व्या वर्षी, पाण्यावर स्कीइंग करताना गेला. त्याला मिळालेला पाय त्याला मान्य नव्हता. त्यानं पायासारखं दिसणं सोडून दिलं आणि पाय काय करतो ते पाहिलं: दबतो, शक्ती साठवतो, परत ढकलतो. कार्बन फायबरची वाकवलेली पट्टी घेऊन त्यानं १९८४ साली फ्लेक्स-फूट कंपनी काढली. आज पॅरालिंपिकमध्ये दिसणारी धावण्याची पाती त्याच कुळातली.

त्याआधी १९६८ साली कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला होता. उकिडवं बसता येईल का? अनवाणी चालता येईल का? ओल्या शेतात उभं राहता येईल का? दोन्ही शोध माझ्या डोक्यात शेजारी शेजारी असतात, कारण दोन्हींत कुणीतरी आधी विचारलं की या माणसाला करायचं काय आहे.

पात्यावर पहिल्यांदा धावले तेव्हा ६० मीटर गेले आणि रडायला लागले. वारा तोंडावर लागतो हे मी विसरले होते.

मैदानवेडी

एकपावली, काय लिहू? तुम्ही आमच्या मुलांशी बोलायला याल का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

फिरकी

एकपावलींना सलाम.

मी क्रिकेटवाला, म्हणून हेल्मेट. १९७८ साली ब्रिजटाऊनला ग्रॅहॅम यालप कसोटीत हेल्मेट घालून उतरला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. आज हेल्मेटशिवाय कुणाला उभंही करत नाहीत. २०१४ साली फिलिप ह्यूजला मानेवर, हेल्मेट संपतं तिथे, चेंडू लागला आणि तो गेला. त्यानंतर मानेचं संरक्षक कवच सर्रास दिसू लागलं. पण एक गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला: हेल्मेट आहे म्हणजे मेंदूला धक्का बसणार नाही. कवटी वाचते, आतला मेंदू तरीही हिंदकळतो. आमच्या संघातला एक पोरगा चेंडू लागून उठला, 'ठीक आहे' म्हणाला, २० धावा काढल्या आणि संध्याकाळी त्याला त्यातली एकही आठवत नव्हती.

नाडीवर_बोट

फिरकी, तो पोरगा मोठ्या संकटातून वाचला. डोक्याला मार लागून गोंधळ, डोकेदुखी, तोल जाणं, विसर, यांपैकी काहीही दिसलं तर त्याला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही. यासाठीही डॉक्टर नसलेल्यांकरता एक पानी 'कन्कशन रेकग्निशन टूल' आहे, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का ओळखायचा कागद. आपण कुठल्या मैदानावर आहोत, मागचा सामना कोण जिंकलं, असे साधे प्रश्न असतात. धावपटूही पडतात, तेव्हा मैदानवेडी, दुसरा कागद हा. आणि उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायात कमजोरी दिसली तर लगेच रुग्णालय.

रोहिणी_नक्षत्र

दुखापत होऊच नये म्हणून काही शोध नाही का? सगळे झाल्यानंतरचेच दिसतायत.

सांधेजोड

आहे की! 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्म-अप. मूळ फुटबॉलसाठीचा, २० मिनिटांचा: धावणं, मांडी-पोटाची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं. २००८ साली नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे १९०० मुलींवर चाचणी झाली. हा वॉर्म-अप करणाऱ्या गटात एकूण दुखापती जवळजवळ एक तृतीयांश कमी होत्या, गंभीर दुखापती त्याहूनही जास्त घटल्या. त्यातलाच 'नॉर्डिक' व्यायाम, म्हणजे गुडघ्यावर बसून कुणीतरी घोटे धरायचे आणि आपण सावकाश पुढे झुकायचं, मांडीमागच्या स्नायूच्या दुखापती निम्म्यावर आणतो.

साहित्य लागत नाही, म्हणून कुणी विकत नाही आणि कुणाला सुचतही नाही. आणि आठवड्यातून एकदा केला तर उपयोग नाही, नियम हवा.

सरळरेघ

मी यंत्रं बनवतो, तरी सांधेजोड यांच्याशी सहमत. फक्त एक बाजू मांडतो: मोजल्याशिवाय नियम टिकत नाही. कोणत्या मुलानं आठवड्यात किती किलोमीटर केले, ६ ते २० मध्ये किती सांगितलं, कुठे दुखलं, हे वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही जीपीएसच्या बंडीपेक्षा जास्त बोलेल.

मैदानवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. पालकांपुढे ठेवलेली यादी:

एक एईडी, आणि सगळ्या मोठ्यांना व १५ वर्षांवरच्या मुलांना छाती दाबण्याचं प्रशिक्षण. झाकणाच्या आत दोन कागद, घोट्याचा आणि डोक्याचा. घोटा आधी मुरगळलेल्या पाच मुलांना मापाचे ब्रेस. छातीचे पट्टे ३४ नाहीत, सहा, आळीपाळीनं वापरायला. क्रेप बँडेज, साधी पांढरी टेप, बर्फाच्या पिशव्या, स्टॉपवॉच, एक जाड वही. रोज २० मिनिटांचा वॉर्म-अप. मसाज गन आणि टब वगळले. रंगीत टेप ज्याला हवी त्यानं आपली आणावी, लांबउडीसारख्यांना मनाई नाही.

दोन पालक जीपीएसच्या बंडीसाठी नाराज आहेत. त्यांना हा धागा पाठवलाय.

फिरकी

सहा पट्टे आळीपाळीनं दिलेत तर भांडणं होतील. बघा हं.

नाडीवर_बोट

यादी आवडली. यंत्र कुठे ठेवणार?

मैदानवेडी

कचेरीच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. तुमचा प्रश्न वाचला आणि काल चाचणी घेतली. यंत्र अजून यायचंय, म्हणून बुटांचा खोका ठेवला. आमची ४०० मीटरवाली मुलगी शर्यतीच्या ठिकाणाहून धावत गेली. दार उघडं होतं, कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते घरी गेलेले. दुसरी किल्ली शोधून खोका येईपर्यंत ४ मिनिटं २० सेकंद.

मग खोका प्रेक्षागाराच्या भिंतीवर उघड्या कप्प्यात ठेवला, कुलूप नाही. ५५ सेकंद.

नाडीवर_बोट

आता मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाकडून मोजा.

मैदानवेडी

२०० मीटरच्या खुणेपासून १ मिनिट ४० सेकंद. मुलं म्हणतात, खोका साहित्याच्या खोलीच्या बाहेर लावला तर दोन्हीकडून मिनिटाच्या आत येईल. उद्या तिथून मोजतो.